समुद्रातला नाका : ब्रेक्झिटचा करार आणि डीयूपीची फरफट

५ जुलै २०२४ च्या सकाळी नॉर्थ अँट्रिमचा निकाल लागला आणि धाकटे इयन पेझली ४५० मतांनी पडले. ब्रिटनभर त्या दिवशी मजूर पक्षाच्या लाटेचीच चर्चा होती, त्यामुळे उत्तर आयर्लंडच्या एका कोपऱ्यातल्या या जागेकडे बाहेरच्या फारशा कुणाचे लक्ष गेले नाही. पण जागा साधी नव्हती. थोरल्या इयन पेझलींनी ती १९७० साली जिंकली, पुढच्याच वर्षी उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावे म्हणणारी डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी, म्हणजे डीयूपी, काढली, आणि तेव्हापासून ५४ वर्षे ही जागा बापलेकांच्या घराबाहेर गेली नव्हती.

हरवले कुणी, हे तर त्याहून बोलके. संयुक्त आयर्लंड मागणाऱ्या विरुद्ध गोटातल्या कुणी नव्हे, तर जिम अ‍ॅलिस्टर यांनी. हे गृहस्थ एकेकाळी डीयूपीचेच युरोपीय संसदेतले खासदार. २००७ मध्ये पक्ष संयुक्त आयर्लंडवाल्या सिन फेनबरोबर सत्तेत बसायला तयार झाला म्हणून तावातावाने बाहेर पडले आणि ‘ट्रॅडिशनल युनियनिस्ट व्हॉइस’ हा स्वतःचा छोटा पक्ष घेऊन पंधरा-सोळा वर्षे एकांड्या शिलेदारासारखे लढत राहिले. २०२४ च्या प्रचारात त्यांचा मुख्य मुद्दा होता ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधली, आयरिश समुद्रातली सीमा. डीयूपी म्हणत होती, आम्ही ती काढून टाकली. अ‍ॅलिस्टर म्हणत होते, ब्रिटनहून आलेला माल जिथे तपासतात त्या लार्न बंदरावर जाऊन बघा.

एका व्यापार कराराने एका पक्षाची ही गत कशी केली, ते बघू. डीयूपीचा दावा असा की लंडनने फसवले. फसवले हे खरेच, त्यात वाद नाही. पण ही सीमा उभी राहावी इतका पातळ, म्हणजे नियम फारसे न जुळवणारा करार व्हायला सगळ्यात जास्त हातभार कुणी लावला असेल, तर त्या यादीत खुद्द डीयूपीचे नाव बरेच वर येते.

दोन कागद

आधी एक घोळ निस्तरतो, कारण मराठी वृत्तपत्रांतही तो होत असे. ‘ब्रेक्झिट करार’ म्हणून दोन वेगवेगळे कागद आहेत. पहिला माघारीचा, म्हणजे घटस्फोटाचा करार. उत्तर आयर्लंडची स्वतंत्र व्यवस्था, ‘प्रोटोकॉल’, त्याच्या पोटात आहे. दुसरा व्यापार आणि सहकार्य करार. तो २४ डिसेंबर २०२० रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, ठरला आणि १ जानेवारी २०२१ पासून तात्पुरता लागू झाला. हजार-बाराशे पानांचा कागद ब्रिटिश संसदेने ३० डिसेंबरला एका दिवसात वाचून, चर्चा करून, ५२१ विरुद्ध ७३ मतांनी संमत केला. वाचून हा शब्द मी सौजन्याने वापरतो आहे.

राजकारण्यांना सोयीचे होते म्हणून हे दोन कागद वेगळे मानले गेले. व्यवहारात ते एकमेकांना जखडलेले आहेत. दुसरा कागद जितका पातळ, तितका पहिल्यातला नाका कडक. हे कसे, ते मुंबईकराला समजावणे सोपे आहे. २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत मुलुंड-दहिसरला जकात नाके होते. ट्रकच्या रांगा, पावत्या, दलाल, रात्र रात्र झोपलेले ड्रायव्हर. ठाण्याहून मुलुंडला माल न्यायचा तर कागद दाखवा. नाका का असतो? कारण नाक्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा नियम वेगळा असतो. नियम एक झाला की नाका आपोआप निरुपयोगी होतो. नियम जितके दूर जातील, तितका नाक्यावरचा साहेब मोठा होतो.

ब्रिटनला युरोपच्या नियमांपासून दूर जायचे होते. मग नाका कुठेतरी बसणार हे ठरलेलेच. प्रश्न एवढाच, की कुठे.

आयर्लंड बेटावर उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये जवळपास ५०० किलोमीटरची सीमा आहे आणि दोनशेहून जास्त रस्ते ती ओलांडतात. काही शेते अर्धी इकडे, अर्धी तिकडे आहेत. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेल्यावर १० एप्रिल १९९८ रोजी ‘गुड फ्रायडे करार’ झाला आणि पुढे त्या सीमेवरचे लष्करी मनोरे उतरले. तिथे पुन्हा तपासणीची चौकी उभी करणे म्हणजे नुसता जकातीचा प्रश्न नव्हता. डब्लिन, ब्रसेल्स, वॉशिंग्टन आणि बऱ्याच कुरबुरीनंतर लंडनही यावर एकमत झाले, की जमिनीवर नाका नको. उरला समुद्र.

आणि समुद्रात नाका म्हणजे ग्लासगोहून बेलफास्टला येणारा माल परदेशातून आल्यासारखा तपासायचा. स्वतःला हाडामांसाचे ब्रिटिश मानणाऱ्या युनियनवाद्यांना ही गोष्ट कुठे झोंबत असेल, ते पावत्यांच्या हिशेबात दिसत नाही.

दहा खासदारांचा भाव

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचे ठरवले. उत्तर आयर्लंडने मात्र ५५.८ टक्के मते आत राहण्याच्या बाजूने दिली. डीयूपी बाहेर पडण्याच्या बाजूची. तिने तर लंडन आणि इतर शहरांत फुकट वाटल्या जाणाऱ्या ‘मेट्रो’ या दैनिकाला २ लाख ८२ हजार पौंडांची जाहिरात दिली. हे दैनिक उत्तर आयर्लंडमध्ये निघतही नाही. बेलफास्टच्या पक्षाने लंडनच्या प्रवाशाला सांगितले, बाहेर पडा. पैसा एका देणगीदार मंडळातून आला होता. असो, ती वेगळी कथा.

मग आली जून २०१७ ची निवडणूक. थेरेसा मे यांचे बहुमत गेले, आणि डीयूपीच्या १० खासदारांना एका रात्रीत सोन्याचा भाव आला. त्यांनी सरकारात न जाता बाहेरून पाठिंबा दिला. या प्रकाराचे बारकावे मराठी वाचकाला सांगायला नकोत. त्याबदल्यात उत्तर आयर्लंडसाठी १ अब्ज पौंडांचा जादा निधी मिळाला, आणि पैशाहून मोठी गोष्ट मिळाली ती म्हणजे नकाराधिकार.

तो कसा चालायचा, याचे सगळ्यात स्पष्ट दृश्य ४ डिसेंबर २०१७ चे. मे ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर यांच्याबरोबर दुपारच्या जेवणाला बसल्या होत्या. मसुदा तयार होता. बातमीही फुटली होती, की उत्तर आयर्लंडचे नियम दक्षिणेशी जुळते राहतील. तेवढ्यात बेलफास्टमध्ये डीयूपीच्या नेत्या आर्लीन फॉस्टर कॅमेऱ्यासमोर आल्या आणि असले काही आम्हाला मान्य नाही म्हणाल्या. मे जेवणावरून उठल्या, फॉस्टर यांच्याशी फोनवर बोलल्या, आणि परत आल्या तेव्हा करार मोडला होता. चार दिवसांनी, ८ तारखेला, शब्द बदलून तो पुन्हा जुळवला गेला. एका देशाची पंतप्रधान, दहा खासदारांच्या नेत्याला विचारल्याशिवाय सही करू शकत नव्हती.

पुढचे वर्ष मे यांनी एक ओबडधोबड पण डीयूपीच्या दृष्टीने बराच सौम्य तोडगा शिवण्यात घालवले. नोव्हेंबर २०१८ चा ‘बॅकस्टॉप’. त्यात जमेची बाजू अशी होती, की संपूर्ण ब्रिटनच युरोपबरोबर एका जकात क्षेत्रात राहणार होता. म्हणजे समुद्रात जकातीचा नाका नाही. उत्तर आयर्लंडला मालाच्या दर्जाचे काही जादा नियम पाळावे लागले असते, तेवढी बोच होतीच. डीयूपी तेवढ्याच बोचेवर अडून बसली.

त्याच नोव्हेंबरात डीयूपीच्या बेलफास्टमधल्या अधिवेशनात खास पाहुणे म्हणून आले बोरिस जॉन्सन. टायटॅनिक जिथे बांधली त्या शहरात उभे राहून त्यांनी समोरच्या हिमनगाचा इशारा दिला, आणि ग्रेट ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये तपासणी आणि जकात आणणाऱ्या करारावर कुठल्याही हुजूर सरकारने सही करू नये, असे बजावले. सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मे यांचा करार संसदेत तीनदा पडला. १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२, मार्चच्या १२ तारखेला ३९१ विरुद्ध २४२, आणि २९ तारखेला ३४४ विरुद्ध २८६. तिन्ही वेळा डीयूपी विरोधात. निव्वळ बेरीज केली तर दहा मतांनी निकाल फिरला नसता, हे मान्य. पण हुजूर पक्षातले कित्येक कट्टर खासदार डीयूपी काय करते याकडे डोळे लावून बसले होते. तिने मान डोलावली असती तर त्यांनाही खाली उतरायला शिडी मिळाली असती. त्यानंतर १ एप्रिलला, संपूर्ण ब्रिटनने जकात संघात राहावे असा केन क्लार्क यांचा प्रस्ताव २७६ विरुद्ध २७३, म्हणजे तीन मतांनी पडला. डीयूपीची दहा मते त्याच्या पारड्यात पडली नाहीत.

या तीन मतांपाशी मी नेहमी थांबतो. जकात संघ झाला असता तर समुद्रातला निम्मा नाका उभाच राहिला नसता.

दोन ऑक्टोबर ते सतरा ऑक्टोबर

मे गेल्या, जुलै २०१९ मध्ये जॉन्सन आले. आणि इथे डीयूपीने जी चूक केली, तिचा हिशेब अ‍ॅलिस्टर तिला आजवर मागतात.

२ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी ब्रसेल्सला नवा प्रस्ताव पाठवला. उत्तर आयर्लंडने मालाबाबत युरोपचे नियम पाळावेत, मात्र जकातीच्या बाबतीत ब्रिटनबरोबर राहावे, आणि स्टॉरमाँटच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या, विधानसभेची संमती आधी घ्यावी. म्हणजे नियमांची तपासणी समुद्रात. डीयूपीने याला पाठिंबा दिला. का? कारण संमतीच्या त्या कलमात तिला आपला नकाराधिकार दिसत होता. पण ज्या तत्त्वावर बॅकस्टॉप नाकारला होता, ते तत्त्व त्या दिवशी तिने स्वतःच सैल केले. समुद्रात थोडीशी रेघ चालेल असे एकदा म्हटले, की मग वाद फक्त रेघेच्या जाडीचा उरतो.

१० ऑक्टोबरला लिव्हरपूलजवळच्या विरल भागात, थॉर्नटन मॅनर नावाच्या जुन्या वाड्यात जॉन्सन आणि आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर भेटले. लग्नाच्या हॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या जागेच्या बागेतून दोघे बोलत चालल्याची छायाचित्रे गाजली. वराडकर म्हणजे आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. वडिलांचे घराणे तिथले. या भेटीनंतर अडीच महिन्यांनी, २०१९ च्या डिसेंबरअखेर, ते कुटुंबासह वराडला येऊनही गेले आणि गावाने त्यांना डोक्यावर घेतले. सिंधुदुर्गात त्या दिवशी कौतुक चालू असताना बेलफास्टच्या युनियनवादी वस्त्यांत याच माणसाचे नाव शिव्यांसकट घेतले जात होते. कारण थॉर्नटन मॅनरनंतर सात दिवसांत, १७ ऑक्टोबरला, जो करार झाला त्यात जकातीचा नाकाही समुद्रात गेला आणि संमती आधीऐवजी चार वर्षांनी, तीही साध्या बहुमताने, घ्यायची ठरली. नकाराधिकार संपला.

डीयूपीने नाही म्हटले. पण आता त्या नाहीला किंमत उरली नव्हती. १९ ऑक्टोबरला तिने विरोधकांना साथ देऊन जॉन्सन यांचे मतदान ३२२ विरुद्ध ३०६ असे लांबवले, तो तिच्या दहा मतांच्या शेवटच्या पराक्रमांपैकी एक. १२ डिसेंबरला निवडणूक झाली, जॉन्सन ३६५ जागा घेऊन आले, आणि बाहेरचा पाठिंबा एका रात्रीत रद्दीत गेला. डीयूपी दहावरून आठवर. लंडनमधले तिचे सेनापती नायजेल डॉड्स बेलफास्ट नॉर्थमध्ये सिन फेनकडून पडले. उत्तर आयर्लंडच्या इतिहासात पहिल्यांदाच लंडनला निवडून गेलेल्या खासदारांत राष्ट्रवादी ९ आणि युनियनवादी ८ झाले. राष्ट्रवादी म्हणजे आयरिश राष्ट्रवादी, घड्याळवाले नव्हेत.

या प्रचारातही जॉन्सन उत्तर आयर्लंडमध्ये व्यापाऱ्यांना सांगून आले होते, की कुणी जकातीचा फॉर्म भरायला सांगितला तर पंतप्रधानांना फोन करा, मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगेन. करार ठरून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

एक ट्रेलर, केर्नरायन ते लार्न

जानेवारी २०२१. स्कॉटलंडच्या केर्नरायनहून लार्नला जायला बोटीने दोन तास लागतात. समजा एका किराणा साखळीचा ट्रेलर निघाला आहे. त्यात दूध, चीज, हॅम घातलेला पिझ्झा, कोंबडी, सॅलड, कुंड्यांतली रोपे, असा शंभर प्रकारचा माल एकत्र भरला आहे. डिसेंबरच्या ३१ तारखेपर्यंत हा ट्रेलर पुण्याहून साताऱ्याला जावा तसा जात होता.

आता करारामुळे जकात शून्य. ‘शून्य जकात, शून्य कोटा’ हे जॉन्सन आणि त्यांचे वाटाघाटी करणारे डेव्हिड फ्रॉस्ट यांचे आवडते वाक्य. पण व्यापार आणि सहकार्य करारात पशुवैद्यकीय आणि वनस्पतींचे नियम जुळते ठेवण्याबाबत काहीही समझोता नव्हता. तो मुद्दामच नव्हता. युरोपच्या अन्ननियमांशी बांधून घेणे म्हणजे सार्वभौमत्व गहाण टाकणे, ही फ्रॉस्ट यांची भूमिका. त्यामुळे प्राणिजन्य मालाच्या प्रत्येक प्रकाराला पशुवैद्याच्या सहीचे प्रमाणपत्र हवे. ब्रिटिश माती लागलेल्या रोपाला प्रवेशच नाही. ताजे, न गोठवलेले सॉसेज आणि खिमा तर युरोप बाहेरच्या कुठल्याही देशाकडून घेतच नाही. मुदतीच्या सवलती होत्या म्हणून एकदम कडेलोट झाला नाही. तरी बेलफास्टच्या दुकानांत काही फळ्या रिकाम्या दिसल्या आणि छोट्या ब्रिटिश विक्रेत्यांनी उत्तर आयर्लंडला पार्सल पाठवणेच थांबवले.

हाच तो सांधा. अन्ननियमांच्या जुळणीचे एक प्रकरण व्यापार करारात असते तर लार्नमधली बहुतेक तपासणी गळून पडली असती. म्हणजे फ्रॉस्ट यांनी लंडनमध्ये सार्वभौमत्वाची एक गोष्ट वाचवली, तिचे बिल लार्नला फाटले. डीयूपीच्या आठ खासदारांनी ३० डिसेंबरला करारावर विरोधात मत दिले, पण अन्ननियमांची जुळणी हवी असे तिने आधीची चार वर्षे कधी जोर लावून मागितले नव्हते. ती मागणी म्हणजे सौम्य ब्रेक्झिट, आणि सौम्य ब्रेक्झिट हा तिच्या लेखी अपशब्द होता.

सॉसेजची गोष्ट तर जूनमध्ये जी-७ परिषदेपर्यंत गेली. कॉर्नवॉलमध्ये जॉन्सन यांनी इमॅन्युएल माक्राँ यांना विचारले म्हणे, की तुलूजचे सॉसेज पॅरिसला विकायला बंदी केली तर कसे वाटेल? माक्राँ यांचे उत्तर ब्रिटिश वृत्तपत्रांना असे कळले, की तुलूज आणि पॅरिस एकाच देशात आहेत. पुढचे दोन दिवस लंडनमध्ये कुणी हवामानाबद्दल बोलले नाही.

बेलफास्टमध्ये मात्र हसण्यासारखे काही नव्हते. २९ जानेवारीला लशींच्या निर्यातीच्या भांडणात युरोपीय आयोगाने प्रोटोकॉलचे कलम १६, म्हणजे अडचणीच्या वेळी व्यवस्थेचा काही भाग एकतर्फी बाजूला ठेवण्याची सोय, वापरून बेटावरच्या सीमेचाच आधार घेतला, आणि काही तासांत निर्णय फिरवला. पण युनियनवाद्यांना हवे ते दिसले होते. ज्या सीमेसाठी आमच्या समुद्रात नाका टाकलात, ती तुम्हीच एका संध्याकाळी गुंडाळून ठेवता! फेब्रुवारीच्या सुरुवातीला भिंतींवर धमक्या लिहिल्या गेल्या, म्हणून लार्न आणि बेलफास्ट बंदरांतल्या तपासणी कर्मचाऱ्यांना काही दिवस परत बोलावले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात युनियनवादी वस्त्यांतली पोरे रस्त्यावर आली. बेलफास्टच्या लानार्क वे इथे एक बस पेट्रोल बॉम्बने जाळली. या दंगलीला दुसरेही कारण होते. कोविडच्या काळात सिन फेनच्या नेत्यांनी एका मोठ्या अंत्ययात्रेला हजेरी लावली आणि त्यांच्यावर खटला न भरण्याचा निर्णय नुकताच जाहीर झाला होता. पण जळाऊ लाकूड समुद्रातल्या सीमेचेच होते.

पक्ष खातो पक्षाला

पुढच्या तीन वर्षांत डीयूपीने जे केले ते भराभर सांगतो, कारण त्यात विचार कमी आणि घाबरगुंडी जास्त होती. फॉस्टर यांनी आधी सूर व्यवहारी लावला होता, जे आहे त्यातून वाट काढू. अ‍ॅलिस्टरांकडे मते सरकताहेत असे दिसताच पवित्रा बदलला, प्रोटोकॉल उखडा. तरी एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्याच लोकांनी त्यांना घालवले. मे महिन्यात एडविन पूट्स १९ विरुद्ध १७ मतांनी नेते झाले आणि २१ दिवसांत गेले. मग जेफ्री डोनल्डसन. तीन महिन्यांत तीन नेते.

३ फेब्रुवारी २०२२ ला डीयूपीचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे उत्तर आयर्लंडचे मुख्यमंत्रीच म्हणा, पॉल गिव्हन यांनी राजीनामा दिला. स्टॉरमाँटची रचना अशी, की दोन समाजांचे दोन प्रमुख, एक उठला की दुसराही गेला. मे महिन्यातल्या निवडणुकीत सिन फेन २७ जागा घेऊन पहिल्यांदाच सगळ्यात मोठा पक्ष झाला, डीयूपी २५ वर. आकडे नीट पाहिले तर दिसते, की डीयूपीची मते २८.१ वरून २१.३ टक्क्यांवर आली आणि अ‍ॅलिस्टरांची २.६ वरून ७.६ वर गेली. म्हणजे गळती मुख्यतः उजव्या खिशाला होती. सिन फेनची मते एखाद-दुसऱ्या टक्क्यानेच वाढली होती. युनियनवाद्यांच्या घरातल्या भांडणाने सिन फेनच्या मिशेल ओनील यांना फर्स्ट मिनिस्टरपदाच्या दारात आणून उभे केले.

दारातच, कारण डीयूपीने दोन वर्षे विधानसभा बसूच दिली नाही. समुद्रातली सीमा काढा, मग बसतो. या दोन वर्षांत खाती सनदी अधिकारी चालवत होते, दवाखान्यांच्या प्रतीक्षायाद्या लांबत होत्या, आमदारांचा पगार २७.५ टक्क्यांनी कापला गेला. १८ जानेवारी २०२४ ला सुमारे दीड लाख सरकारी कर्मचारी पगारासाठी संपावर उतरले.

मधल्या काळात पंतप्रधान ऋषी सुनक यांनी २७ फेब्रुवारी २०२३ ला विंडसरमध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांच्याबरोबर नवी चौकट ठरवली. उत्तर आयर्लंडमध्येच राहणारा माल हिरव्या मार्गिकेतून, पुढे दक्षिणेत जाऊ शकेल तो लाल मार्गिकेतून. शिवाय स्टॉरमाँटला नव्या युरोपीय नियमांवर आक्षेप घेता येईल असा ‘ब्रेक’. दुसऱ्या दिवशी सुनक लिस्बर्नच्या कोकाकोला कारखान्यात गेले आणि म्हणाले, उत्तर आयर्लंड आता अविश्वसनीय खास स्थितीत आहे, त्याला ब्रिटनची आणि युरोपची, दोन्ही बाजारपेठा खुल्या आहेत. समोरच्या कामगारांच्या मनात त्याच क्षणी काय आले असेल, याचा अंदाज बांधायला अर्थशास्त्र लागत नाही. ही खास स्थिती २०१६ पर्यंत सगळ्याच ब्रिटनकडे होती.

संसदेत विंडसरचा ब्रेक ५१५ विरुद्ध २९ मतांनी मंजूर झाला. विरोध करणाऱ्यांत डीयूपी आणि तिच्याबरोबर बोरिस जॉन्सन. ज्यांनी नाका बांधला, ते नाका सैल केल्याच्या निषेधाला आले होते.

शेवटी २९ जानेवारी २०२४ च्या रात्री लिस्बर्नजवळच्या लार्चफील्ड इस्टेटमध्ये डीयूपीच्या कार्यकारिणीची बैठक झाली. बाहेर निदर्शक. आत काय चालले आहे ते जेमी ब्रायसन नावाचा कट्टर युनियनवादी कार्यकर्ता बाहेरून मिनिटामिनिटाला समाजमाध्यमावर टाकत होता. म्हणजे आतलेच कुणीतरी त्याला पुरवत होते. पक्षाची अवस्था दाखवायला एवढा प्रसंग पुरे. मध्यरात्रीनंतर डोनल्डसन बाहेर आले आणि स्टॉरमाँटला परतत असल्याचे जाहीर केले. लंडनने ३.३ अब्ज पौंड आणि एक श्वेतपत्रिका दिली. हिरव्या मार्गिकेचे नाव बदलून ‘अंतर्गत बाजार व्यवस्था’ ठेवले, नेहमीची तपासणी आणखी कमी केली. डोनल्डसन यांनी समुद्रातली सीमा गेली असे सांगितले. ३ फेब्रुवारीला मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर झाल्या, डीयूपीच्या एमा लिटल-पेंगेली त्यांच्या जोडीला. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला.

मार्चमध्ये डोनल्डसन यांना पद सोडावे लागले. त्याचा या विषयाशी संबंध नाही. नवे नेते गॅव्हिन रॉबिन्सन यांनी प्रचारात कबूल केले, की करार होता त्याहून मोठा करून लोकांना विकला गेला. आणि मग आला नॉर्थ अँट्रिमचा निकाल. त्याच रात्री लॅगन व्हॅली मध्यममार्गी अलायन्सकडे आणि साउथ अँट्रिम दुसऱ्या युनियनवादी पक्षाकडे, अल्स्टर युनियनिस्टांकडे, गेले. आठवरून पाच. तीन जागा, तीन वेगळ्या दिशांना.

पुढचे पान

१० डिसेंबर २०२४ ला स्टॉरमाँटमध्ये ते चार वर्षांनी घ्यायचे संमतीचे मतदान झाले. ४८ विरुद्ध ३६. सगळे युनियनवादी विरोधात, उरलेले सगळे बाजूने. साधे बहुमत पुरले. दोन्ही समाजांची संमती नसल्याने व्यवस्था आठऐवजी चार वर्षांसाठी वाढली, म्हणजे पुढचे मत २०२८ मध्ये. २ ऑक्टोबर २०१९ ला डीयूपीने ज्या कलमासाठी समुद्रातली रेघ गिळली होती, ते कलम हे. फक्त त्यातला तिचा नकार पंधरा दिवसांत काढून घेतला गेला होता.

एक गोष्ट आपल्या बाजूची. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. पण मालाचा कंटेनर बेलफास्टला जाणार असेल आणि माल पुढे दक्षिणेत जाण्याची शक्यता असेल, तर तिथे ब्रिटनची नव्हे, युरोपची जकात बघावी लागते. भारतीय निर्यातदाराच्या कागदपत्रांतही हा नाका असा येऊन बसला आहे.

१९ मे २०२५ ला लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये किअर स्टार्मर आणि फॉन डेर लायन यांनी अन्न आणि वनस्पतींच्या नियमांवर करार करायचे तत्त्वतः ठरवले. त्याबदल्यात युरोपच्या मच्छीमारांना ब्रिटिश पाण्यात आणखी बारा वर्षे प्रवेश. हा अन्ननियमांचा करार प्रत्यक्षात आला तर केर्नरायनहून निघालेल्या त्या ट्रेलरमधला हॅमचा पिझ्झा पुन्हा साधा पिझ्झा होईल. पण त्यासाठी संपूर्ण ब्रिटनला युरोपचे अन्ननियम, ते बदलतील तसे, पाळावे लागतील. मे यांच्या बॅकस्टॉपमध्ये ज्या जुळणीवरून डीयूपी उठून गेली होती, तिचाच हा थोरला भाऊ.

रॉबिन्सन यांनी यावर सावध स्वागताची भाषा वापरली आहे. अ‍ॅलिस्टर अर्थातच वापरत नाहीत. मे २०२७ मध्ये स्टॉरमाँटची निवडणूक आहे, आणि २०२५ मध्येही लार्न बंदरात नव्या तपासणी केंद्राचे बांधकाम चालूच होते.